ओळ मोडायची जागा

मी एंटर दाबलं आणि लॅपटॉप बोलायला लागला.

घरापुढच्या खळ्यात चटया टाकल्या होत्या. त्यांवर गावचे पाच मानकरी मांडी घालून बसले होते आणि मधल्या पाटावर माझा लॅपटॉप होता, हळद-कुंकू लावलेला. ते माझ्या सासूबाईंचं काम. "बा देवा रवळनाथा म्हाराजा आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत त्यांचा काय चुकला माकला आसात ता पदरात घे येतल्या वर्साक शेता-भाताक बरकत दी गुरा-ढोरांची राखण कर..." असं करत तो सपाट, बाईचा की पुरुषाचा ते न कळणारा आवाज एका दमात शेवटापर्यंत गेला आणि गप्प झाला. एक शब्द अडखळला नव्हता. मी मोठ्या तोऱ्यात मान वर केली.

पाचही माणसं तोंडं अर्धवट उघडी ठेवून माझ्याकडे बघत होती.

त्यांतले सर्वांत मोठे, गुणाजी परब, थोडे पुढे सरकले. "पोरी, बरा सांगल्यान तुझ्या मशीनान. पण आमी म्हणूचा कधी?"

"काय म्हणायचं?" मी विचारलं.

हसणारे पहिले सदाकाका. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, सदाशिव घाडी. त्यांचं हसू म्हणजे ढोलावर थाप. ते हसले की बाकीच्यांना हसावंच लागायचं. "गुणाजीनू, ह्या बार्शीच्या सुनेक काय ठावक? एस्टी सुटली, तुमी रवलात खाली."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. त्यांनी गळ्यावरचा रुमाल नीट केला, मांडीवरची पाटी उचलली, पेन्सिल टेकवली, आणि काहीच न लिहिता उठून घरामागे माडांकडे निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे सगळं काय होतं ते आता नीट सांगते.

माझं माहेर बार्शी. सासर तळकोकणातलं धामाळं, आणि सासऱ्यांचं आडनाव घाडी. त्या गावात घाडी म्हणजे देवाशी बोलणारा माणूस. जत्रेच्या दिवशी सगळा गाव रवळनाथाच्या देवळात जमतो आणि घाडी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. कुणाच्या घरात काय दुखतंखुपतं ते सांगतो, मागायचं ते मागतो. हा मान आबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आबांचा आवाज मी लग्नात ऐकलेला. मांडवात ते नुसतं "जेवक बसा" म्हणाले तर पलीकडच्या वाडीतली माणसं ताटावर बसली असतील.

मग घशात गाठ आली. पान-तंबाखूचं देणं म्हणायचं. पुण्याला आमच्याकडे आणून ऑपरेशन केलं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर रुमाल आला आणि हातात पाटी आली. डॉक्टरांनी घशाला लावून बोलायचं एक छोटं यंत्र दिलं होतं. आबांनी ते एकदाच लावलं. "पाणी दी" म्हणाले, आणि स्वतःचाच तो भुंग्यासारखा आवाज ऐकून यंत्र फडताळात टाकलं. पाटीवर लिहिलं, "ह्या देवासमोर नको."

पहिली जत्रा आजारपणात गेली. त्या वर्षी गाऱ्हाणं सदाकाकांनी घातलं आणि, खोटं कशाला बोलू, झकास घातलं म्हणतात. दुसरी जत्रा जवळ आली तशी गावात कुजबुज सुरू झाली. मुको घाडी खंय आसता? मान आता सदाशिवाच्याच घरात जाऊं दे. आणि मान एकदा दुसऱ्या उंबऱ्यात गेला की परत येत नाही. माझा नवरा मंगेश तेव्हा मस्कतला नोकरीला होता, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, वैजू. आबांनाही जरा विश्रांती." त्याच रात्री सासूबाईंचा फोन आला. "ह्येणी चार दिस भाकरी मोडूक नाय," एवढंच म्हणाल्या.

मी देवभोळी नाही. बार्शीला आम्ही भगवंताच्या देवळात जायचो ते बाहेरच्या भेळेसाठी. पण चार दिवस न जेवलेल्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न मला कळत होता.

माझं काम तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या. त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा लागत असतील तर ओळीने एका फाईलमध्ये भरून ठेवायच्या, म्हणजे यंत्र आपलं आपण सगळं उरकतं. त्या फाईलला आम्ही शेल स्क्रिप्ट म्हणतो. मजकुराचे तुकडे जोडणं हा त्यातला रोजचा धंदा. दोन तुकडे शेजारी ठेवले की ते चिकटतात. मध्ये ओळ मोडायची असेल तर मोडण्याची खूण आपण मुद्दाम घालावी लागते. नाही घातली तर यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. लिहिलेलं मराठी मोठ्याने वाचणारा एक फुकटचा प्रोग्रॅम माझ्याकडे होताच. म्हटलं, आबांच्या ओळी भरू, जोडू, आणि याच्या तोंडी देऊ.

आबांनी गाऱ्हाणं पाटीवर लिहायचं आणि सासूबाईंनी फोनवर मला सांगायचं, असं ठरलं. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या एक ओळ सांगायच्या आणि थांबायच्या. मी ती टाइप करायची, "हं" म्हणायची. मधल्या वेळात त्या काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं, चष्मा शोधतायत.

माझ्या पहिल्या प्रतीत प्रत्येक ओळ मोडलेली होती. पण तो बोलका प्रोग्रॅम ओळ मोडली की दम खायचा, मग पुढे जायचा. ऐकताना मला वाटलं, हे काय, शाळेतलं पोर धडा वाचतंय! म्हणून मी मोडण्याच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि तुकडे एकापुढे एक जोडले. गाऱ्हाणं तुपासारखं वाहायला लागलं. लॅपटॉप पिशवीत घालून मी पुण्याहून निघाले, सकाळी गावात उतरले, तर मानकरी खळ्यात येऊन बसलेलेच होते. आबांना आधी ऐकवायला सवडच मिळाली नाही. पुढचं सांगितलंच.

मानकरी गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले. आई सोलं भिजत घालत होत्या.

"आई, ते काय म्हणायचं असतं?"

"अगो, देवाक सांगणारो एक, पण मागणारो सगळो गाव. घाडी एक ओळ सांगता नि थांबता. मगे गाव म्हणता, व्हय म्हाराजा. तेवा ती ओळ देवाक पावता."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाय म्हटला तर घाड्यान आपल्या घरातली कटकट सांगल्यासारखी. देव कित्याक आयकात?"

मला एकदम आठवलं. "फोनवर तुम्ही मध्ये मध्ये पुटपुटत होता..."

"ताच म्हणत होतंय. ओळ रिकामी कशी सोडू गो?"

मी कपाळाला हात लावला. 'व्हय' आमच्या बार्शीकडेही म्हणतात, पण भाजीवाल्याला. देवाला म्हणायचं असतं हे मला कोण सांगणार होतं? आणि यांना वाटत राहिलं की एवढं तर जगाला ठाऊक असतं.

आबा माडांच्या आळ्यापाशी बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "आबा, माझं चुकलं नाही, मला माहीतच नव्हतं. पण दुरुस्त होतं ते. दोन दिवस द्या."

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, "मशीनाचो आवाज बरो." मी म्हटलं, खरंच? तुमचा नाही, तरी? त्यांनी पुढे लिहिलं, "माझो नाय, कोणाचोच नाय. म्हणान चालतला." आणि उठून घरात जेवायला आले. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला, आईंनी तिसऱ्यांदाही वाढायचा प्रयत्न केला.

दुरुस्ती म्हणजे मोठं काही नव्हतं. काढलेल्या खुणा परत घातल्या. प्रत्येक ओळीनंतर यंत्राला थोडं थांबायला लावलं. पडवीत बसून आईंवर प्रयोग केला: यंत्र बोलायचं, आई "व्हय म्हाराजा" म्हणायच्या, यंत्र पुढे. झालं की! पण आबांनी मान हलवली आणि लिहिलं, "गाव एकदम म्हणत नाय. कोण आदी, कोण मागसून. म्हाताऱ्यांका दम लागता."

थांबण्याचा वेळ वाढवला. तर आईंचं म्हणून झाल्यावर ते यंत्र खुळ्यासारखं गप्प बसायचं. कमी केला, तर त्यांच्या 'म्हाराजा'वर पाय देऊन पुढे धावायचं. वैतागून मी म्हटलं, "आबा, आणखी सोपं सांगते. आपण चार माणसांचं 'व्हय म्हाराजा' रेकॉर्ड करून ठेवू. प्रत्येक ओळीनंतर यंत्रच ते वाजवेल. गावाने त्यात सूर मिसळावा. कुणी नाही म्हटलं तरी अडणार नाही."

आबा इतके संतापले की त्यांच्या गळ्याच्या रुमालातून नुसती हवा फुसफुसली. पेन्सिल पाटीवर कर्रकन ओढून त्यांनी लिहिलं, "ता गावान म्हणूचा." आणि त्याखाली आणखी मोठ्या अक्षरात, "नाय म्हटला तर फुडे जाव नको."

मग मी तेच केलं. वेळेचा हिशेबच काढून टाकला. यंत्राने एक ओळ म्हणायची, ओळ मोडायची, आणि उभं राहायचं. आबांनी एंटरची कळ दाबली की पुढची. दाबली नाही तर जन्मभर तिथंच. ओळ कुठे मोडायची ते माझ्या फाईलमध्ये होतं, पण किती थांबायचं ते आता त्यांच्या बोटात होतं. सराव करताना त्यांच्याकडून कळ एकदा दोनदा दाबली गेली आणि एक ओळ सुटली, म्हणून मी ओळींना आकडे दिले. आकडा दाबून कळ दाबली की तीच ओळ. असं मागेपुढे जाता यायला लागल्यावर आबांचा चेहरा उजळला. दुपारभर ते पडवीत बसून कळ दाबत होते आणि आई ताक घुसळता घुसळता व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आता देव इलो तरी मी उठूचंय नाय, माझे हात दुकले."

जत्रेच्या आधी माणसं आपापलं मागणं सांगायला घाड्याकडे येतात. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या म्हशीचं दूध, कुणाची कोर्टाची तारीख. यंदा माणसं बिचकत आली, आली तरी माझ्याशीच बोलली, आबांशी नाही. जणू आवाजाबरोबर त्यांचे कानही काढले होते. मी टाइप करत गेले. सदाकाकांकडून कोणी येणार नव्हतंच. पण आबांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. त्यावर सदाकाकांच्या मुलीचं, पमाचं नाव होतं.

पमा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. या खेपेला दिवस भरत आले होते आणि घरातली माणसं तोंडावर हात ठेवून दिवस काढत होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"त्येणी सांगूक नाय, तुमी कित्याक घालतात?" आई कडाडल्या. "आपलो मान काढूक बसलो हा तो!"

आबांनी लिहिलं, "चेडू गावाचा." पोर साऱ्या गावाची. आणि माझ्याकडे बोट केलं, म्हणजे घाल. मी घातली. ती बारावी ओळ झाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी मानकऱ्यांनी कौल घेतला. देवाच्या दगडी मूर्तीवर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. मी खांबाला टेकून बघत होते. पाकळ्या ओल्या आहेत, वाळल्या की पडणारच, त्यात काय, असं मनात म्हणत होते, आणि तरी पाकळ्यांवरून नजर काढत नव्हते. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. गुणाजींनी हात जोडले. "देवान मशीनाक परवानगी दिली. विषय संपलो."

"संपलो कसो?" सदाकाका शांतपणे म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. "कौल बोलण्याचो झालो, गुणाजीनू. जाबाचो नाय. मशीनाक जाब देवचो काय नाय, ता ज्येचा त्येणी बघूचा."

घरी येताना आईंनी मला त्यातली मेख सांगितली. धामाळ्यात 'व्हय म्हाराजा' कोणीही आधी म्हणत नाही. पहिला जाब, म्हणजे देवापुढचं ते उत्तर, घाड्याच्या भावकीने द्यायचा, मग गावाने. आणि आबांच्या भावकीत जाब देण्याजोगा एकच माणूस होता.

"म्हणजे सदाकाका गप्प बसले तर?"

"गाव गप्प रवतला. नि मान गेलो."

आबा आमच्या पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं असणार, पण मागे वळून पाहिलं नाही.

जत्रेचा दिवस उघडा, निरभ्र होता. दुपारी ओट्या भरायच्या आधी गाऱ्हाणं. सभामंडप गच्च भरला होता, पायऱ्यांवर माणसं होती, बाहेर खाजा-लाडवांची दुकानं होती तिथली माणसंही उठून दाराशी आली होती. काही नुसती मशीन बघायला आलेली. आबा स्वच्छ धोतरात देवासमोर उभे राहिले, पुढ्यात चौरंगावर लॅपटॉप. मी कर्ण्याची वायर धरून खांबापाशी बसले होते, वायरीला काही झालेलं नसताना. सदाकाका आबांच्या उजव्या हाताला, अगदी हातभर अंतरावर, खांद्यावर उपरणं घेऊन.

आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि कळ दाबली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," कर्ण्यातून आवाज आला, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत."

आणि थांबला.

काही नाही. कोणी खोकलं. सगळ्यांचे डोळे सदाकाकांवर. सदाकाकांचे डोळे देवावर. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मी आयुष्यात शांतता पुष्कळ ऐकली आहे, सर्व्हरच्या खोलीत बारा तास एकटी बसलेली बाई आहे मी. पण ती शांतता मला सोसेना. माझ्याच हाताने मी ही जागा तयार करून ठेवली होती. मी ते रेकॉर्डिंग केलं असतं तर एव्हाना चार माणसांचा आवाज आला असता, गाव नाइलाजाने मागे आला असता. बायकांत बसलेल्या आईंकडे पाहिलं तर त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता; मला वाटतं, स्वतःचाच आवाज फुटू नये म्हणून. मला आबांना ओरडून सांगावंसं वाटलं की दाबा, दाबा पुढची ओळ, निदान शेवटपर्यंत तरी जाऊ द्या.

आबांनी दाबली नाही. बोट कळीवर होतं, आणि ते उभे होते. त्यांनी सदाकाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे एक पोर "आई, बंद पडला काय?" म्हणालं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. दाराशी दोघे-तिघे वळून जायला लागले. गुणाजींनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि बोलायला तोंड उघडलं. ते काय बोलणार ते सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात आबा वाकले. एका बोटाने त्यांनी एक आकडा दाबला, मग दुसरा, मग कळ.

"बा म्हाराजा," यंत्र म्हणालं, तितक्याच सपाट आवाजात, "ह्या सदाशिवाचा चेडू प्रमिला भरल्या दिसांनी माहेराक इला हा. तेची सुखरूप सुटका कर. आई नि बाळ दोनय हसती-खेळती घराक धाड."

आणि थांबलं.

मला वाटतं, आवाज कोणाचा तरी असता तर सदाकाकांना त्या माणसाचा राग धरता आला असता. तो कोणाचाच नव्हता. नुसता एक प्रश्न देवापुढे ठेवलेला होता आणि उत्तराची जागा मोकळी होती. सदाकाकांनी पहिल्यांदा देवावरून नजर काढली. बायकांकडे वळून पाहिलं. तिथे त्यांची बायको भिंतीला धरून उभी होती, पमा घरी होती. त्यांची हनुवटी हलायला लागली. त्या ढोलासारख्या माणसाच्या तोंडून जो आवाज आला तो मला आधी त्यांचा वाटलाच नाही, इतका बारीक होता.

"व्हय म्हाराजा."

आणि मग सगळा मंडप फुटला. कोण आधी, कोण मागून, म्हातारे दम घेत, बायका, दारातली माणसं, लाडूवाले: व्हय म्हाराजा! मला रडू येत होतं, आणि ते मी कशासाठी रडत होते ते मला धड सांगता आलं नसतं. मीही म्हटलं. बार्शीच्या हेलात म्हटलं, शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली.

शेवटचा आवाज विरेपर्यंत आबा थांबले. मग त्यांनी एकचा आकडा दाबला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत." या खेपेला सदाकाकांनी वाट पाहायला लावली नाही. त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता, आणि यंत्राला त्या दिवशी कर्ण्याची गरज होती, त्यांना नव्हती.

मान आबांच्या घरातच राहिला. पुढे सहा जत्रा त्यांनी तसंच गाऱ्हाणं घातलं. पमा तीन आठवड्यांनी सुखरूप सुटली. ते देवाने केलं की तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. गाऱ्हाणं झाल्यावर आबा देवळामागच्या पायरीवर बसले होते, मी त्यांना चहा नेऊन दिला. ते थकले होते, चेहरा मात्र लग्नातल्या वरबापासारखा. आबा देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. गावकीत केस पांढरे केलेला माणूस होता तो, आणि मला ते आवडायचं. मी शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "आबा, खरं सांगा. बारा नंबर तुम्ही मुद्दाम लिहून ठेवला होता. सदाकाकांना अडकवलंत तुम्ही."

आबा आवाज न करता हसले. चहाची बशी खाली ठेवली, पाटी घेतली आणि सावकाश लिहिलं.

"अडकवक नाय. त्याका म्हणूचाच होता. सुरवात खंयसून करूची ता कळत नाय होता."

माझं वाचून होईपर्यंत त्यांनी पाटी माझ्यापुढे धरून ठेवली, आणि मग पुसली.